शेतावरची गाडी, हौसेची गाडी

जून १९४७ मध्ये शेव्हरोलेटनं नवी पिकअप बाजारात आणली, तेव्हा ही जपून ठेवायची वस्तू आहे असं घेणाऱ्यांपैकी कोणाच्या मनातही आलं नसेल. युद्धकाळात अमेरिकेतले मोटारींचे कारखाने लष्कराच्या कामाला जुंपलेले होते. शेतकरी, सुतार, दूधवाले जुन्याच गाड्या ओढत होते, त्यांना माल वाहायला काहीतरी हवं होतं. कंपनीनं या घडणीला ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ नाव दिलं. अर्ध्या टनाच्या मॉडेलचा आकडा ३१००. फुगीर बोनेट, त्याला बिलगलेले गोल मडगार्ड, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, तीन माणसं शेजारीशेजारी बसतील एवढी रुंद केबिन आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा. इंजिन सहा सिलिंडरचं, २१६ घनइंचांचं, ताकद ९० अश्वशक्ती. स्टार्टर पायानं दाबायचा. थोड्याफार बदलांनिशी ही घडण १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली.

आज अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांमध्ये सगळ्यात जास्त कापल्या, जोडल्या आणि रंगवल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांत हिचा नंबर वरचा आहे. तिच्या जोडीला फोर्डची एफ-१ आणि तिच्या पाठोपाठची १९५३ ते ५६ ची एफ-१००. तिकडच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी माणसाला हे दृश्य नवं नाही: शनिवारी सकाळी शेजाऱ्याच्या गॅरेजचं दार वर गेलेलं, आत चाकं काढलेली केबिन लाकडी ठोकळ्यांवर आणि खालून फक्त दोन पाय बाहेर.

जुन्या गाडीचे दोन पंथ आहेत आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. एक पंथ म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच दिसली आणि चालली पाहिजे. बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्या काळची हवी. दुसरा हॉट रॉडवाल्यांचा. त्यांच्या मते गाडी ही सुरुवात आहे, पुढे तिचं काय करायचं ते मालकानं ठरवावं. एखाद्या दुर्मीळ ड्यूसेनबर्गवर कोणी करवत चालवली तर मलाही वाईट वाटेल. पिकअपचं तसं नाही. मालकांनी तिला पहिल्या दिवसापासूनच बदललं होतं. कोणी हौद्याला वर कठडे लावले, कोणी तुटलेला पाटा भलत्याच गाडीच्या पाट्यानं बदलला, कोणी दार रंगवायला ट्रॅक्टरचा उरलेला रंग वापरला. अशा गाडीची ‘मूळ अवस्था’ नेमकी कोणत्या तारखेची धरायची? म्हणून पिकअपच्या बाबतीत मी दुसऱ्या पंथाकडे झुकतो.

हॉट रॉडची सुरुवात १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, छत, जे जे जड ते काढून टाकायची आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर सपाट मातीत पळवायची. १९३२ मध्ये हेन्री फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन दिलं. ते ६५ अश्वशक्तीचंच होतं, पण थोडी खटपट केली की बरंच जास्त द्यायचं. १९३७ मध्ये या शर्यतींना शिस्त लावणारी दक्षिण कॅलिफोर्नियाची संघटना उभी राहिली. युद्धानंतर यंत्रशाळा आणि विमानतळांवर हात बसलेले जवान परतले आणि हा नाद देशभर पसरला. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसननं ‘हॉट रॉड’ मासिक काढलं. पिकअप या खेळात आधी तुकड्यांनी शिरली. नॉर्म ग्राबोव्स्कीनं पन्नाशीच्या दशकात मॉडेल टीच्या मागे मॉडेल ए पिकअपचा आखूड केलेला हौदा बसवला. ती गाडी दूरदर्शन मालिकेत झळकली आणि ‘टी-बकेट’ नावाची जातच रुजली. अख्खी पिकअप त्यानंतर हळूहळू मानाला चढली, कारण ती स्वस्त होती आणि शेतामागच्या झुडपात कुठेही पडलेली सापडायची.

आता कामाकडे. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात मुख्य गोष्ट इंजिन. मुख्य गोष्ट गंज. ३१०० मध्ये तो ठरलेल्या जागी धरतो: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दारांखालची पट्टी, पाय ठेवायच्या जागेचा तळ, पायऱ्या. पाणी आणि माती तिथे साचते आणि आतून पत्रा खाते. बाहेरून रंग धड दिसतो, स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं की आरपार जातो. केबिन चासीवरून उतरवायची म्हणजे जुने बोल्ट आले. त्यांना आधी मुरणारं तेल पाजायचं, एक रात्र थांबायचं, तरी नाही सुटलं तर गॅसच्या ज्योतीनं तापवायचं. घाई केली की बोल्ट मान टाकतो, आणि मग दुपार ड्रिल मारण्यात जाते.

लहान सुटे भाग स्वच्छ करायची एक युक्ती घरच्याघरी जमते. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगारातला लोखंडी तुकडा धन टोकाला. काही तासांत गंज सुटून भुसभुशीत काळा थर होतो आणि ब्रशनं निघतो. चांगलं लोखंड मात्र झिजत नाही. दोन पथ्यं पाळावी लागतात. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावरच करायचं. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं.

कुजलेला पत्रा मात्र कापावाच लागतो. या गाड्या इतक्या विकल्या गेल्या आणि आज इतक्या जणांना हव्या आहेत, की केबिनचे कोपरे, मडगार्ड, दारं, हौद्याच्या बाजू हे बहुतेक सगळं नवं दाबून विकणाऱ्या कंपन्या आहेत. पण नवा तुकडा बसवायचा तो मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याला. सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेनं पत्रा आक्रसतो आणि लाटांसारखा उठतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग गार होऊ द्यायचं, मग मधल्या जागी तिसरा. कोपऱ्याएवढ्या तुकड्याला अख्खा दिवस लागतो. ज्याला एवढा धीर नाही तो भोकावर जाळी लावून पुट्टी थापतो. अशी गाडी प्रदर्शनात चमकते आणि दोन पावसाळ्यांत फुगते.

मग येते बदलांची साखळी, आणि यंत्र म्हणून ३१०० मला सगळ्यात मजेची वाटते ती इथे. मालकाला खरं तर एवढंच हवं असतं, की गाडी हमरस्त्यावर धापा न टाकता पळावी. मूळ गाडीची मागची गिअर जोडणी माल ओढण्यासाठी होती, ४.११ ला १. चाक एकदा फिरायला इंजिनकडचा दांडा चारहून जास्त वेळा फिरतो. ताशी पन्नास मैलांपुढे इंजिन आक्रोश करतं. २१६ च्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना पंपाच्या पूर्ण दाबानं तेलही मिळत नाही. रॉडच्या टोकाचे चमचे तेल उडवत फिरतात. म्हणून इंजिन बदलायचं ठरतं. इंजिन बदललं की गिअरबॉक्स बदलावा लागतो. पण या गाडीत मागच्या चाकांना ताकद देणारा फिरता दांडा एका बंद नळीत असून ती नळी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. त्यामुळे गिअरबॉक्स गेला की अ‍ॅक्सलही जातो. नवा अ‍ॅक्सल पाच बोल्टच्या चाकांचा निघाला तर पुढची चाकं सहा बोल्टची राहतात, आणि स्टेपनी कुठली ठेवायची हा प्रश्न उरतो. वेग वाढला म्हणून ब्रेक हवेत. ब्रेक हवेत म्हणून पुढचा सरळसोट अ‍ॅक्सल काढायचा आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं.

या शेवटच्या कामासाठी जवळजवळ सगळे जण १९७४ ते ७८ च्या फोर्ड मस्टँग-२ च्या धर्तीवरचं सस्पेन्शन घेतात. आटोपशीर, रॅक-पिनियन स्टिअरिंगसकट, कुठल्याही चासीत बसणारं. गंमत म्हणजे ती मस्टँग स्वतः फार हिणवली गेली होती. तिची थट्टा करणाऱ्यांच्याच गाड्या आज तिच्या पायांवर उभ्या आहेत. शेव्हरोलेटवाला फोर्डचे पाय लावतो आणि बोनेट उघडताना त्याबद्दल बोलत नाही.

इंजिनाच्या जागी पूर्वी ठरलेलं उत्तर होतं: १९५५ पासून निघालेलं शेव्हरोलेटचं छोट्या चणीचं व्ही-८, बहुधा त्यातलं ३५० घनइंची. हल्ली लोक भंगारात गेलेल्या सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन आणतात. पावणेतीनशेच्या आसपास अश्वशक्ती, म्हणजे मूळच्या तिप्पट. पण त्याच्यासोबत संगणक येतो, त्याच्या तारांचं जंजाळ येतं, आणि चोरी रोखण्याची सोय बंद करून घ्यावी लागते, नाहीतर ते इंजिन आपल्या ‘अनोळखी’ गाडीत चालूच होत नाही. सहा व्होल्टची जुनी वायरिंग अर्थातच पूर्ण जाते. पेट्रोलची टाकीही हलवलेली बरी. १९४९ पासून ती केबिनमध्ये, सीटच्या मागे होती, आणि वळणावर पाठीमागे पेट्रोल डचमळल्याचा आवाज यायचा. ती हौद्याखाली नेणं ही चैन मानू नये.

माझ्या मते पैसे संपत आले तर रंग थांबवावा, ब्रेक थांबवू नयेत. घडतं उलटं. मूळ ब्रेकची तेलनळी एकाच वर्तुळाची असते: कुठेही गळली की चारही चाकं गेली. तिप्पट ताकदीच्या गाडीला तेच ब्रेक ठेवून वर सफरचंदी लाल रंगाचे थर चढवणारे लोक मला कळत नाहीत.

छत कापून बुटकं करणं, दाराच्या मुठी काढून पत्रा गुळगुळीत करणं, हेडलाइट मडगार्डमध्ये आत ओढून घेणं या जुन्या कला आहेत आणि छत कापणं घरी क्वचितच साधतं, कारण खांब तिरपे असतात. मधून तीन इंच काढले की वरचा भाग खालच्यावर बसत नाही. हल्ली उलटी फॅशन आहे: उडालेला रंग, डाग तसेच ठेवून वर पारदर्शक लेप. खरोखर उन्हातान्हात झिजलेल्या गाडीवर हे शोभतं. नव्या पत्र्यावर खोटा गंज रंगवणं हे मात्र नाटकी. रंग कुठलाही असो, दोन भागांच्या आधुनिक लेपात आयसोसायनेट असतात आणि साधा मास्क त्यांना पुरत नाही. बाहेरून ताजी हवा देणारा मुखवटा नसेल तर हे काम दुकानात द्यावं.

ही कथा आपल्यापासून अगदीच दूर नाही. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला होता आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळेपर्यंत तिथून शेव्हरोलेटच्या मोटारी आणि ट्रक बाहेर पडत होते. पण इथे हॉट रॉडला वाट नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ तपशिलाशी फारकत घेणारी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. व्हिंटेज नोंदणीच्या २०२१ च्या नियमांतही मूळ रूप राखण्याची अट आहे. म्हणजे महाराष्ट्रात कोणाला जुनी शेव्हरोलेट मिळालीच, तर त्याला पहिल्याच पंथात राहावं लागेल: सहा व्होल्टची बॅटरी, तीच नव्वद अश्वशक्ती, आणि रॉडमध्ये बॅबिट धातूचं बेअरिंग ओतून देणारा जुना कारागीर शोधणं.