विश्वामित्रीचा धडा

आमचे वडील बडोद्याच्या दरबारात गात. मी त्यांचे उतारवयातले अपत्य, त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या गोष्टींतूनच. पाऊस लांबला की ते मल्हार गात. पाऊस आवरावा म्हणून काय गावे, हे मात्र त्यांनी कधी शिकवले नाही.

२०२४ च्या ऑगस्टात ती उणीव जाणवली. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या वेळी पाणी ३५ फुटांवर गेले. आकडे मोबाइलवर येत होते. मी ते वाचत होतो आणि वाचून बाजूला ठेवत होतो. नदीकाठी तळमजल्यावर माझा गायनाचा वर्ग. तेथे वडिलांचा तंबोरा भिंतीला टेकून उभा होता. चौथ्या दिवशी कुलूप काढले, तेव्हा भोपळा सांध्यात उकलला होता.

तेव्हापासून गाण्याआधी दहा मिनिटे मी मुलांकडून एक उतारा मोठ्याने वाचून घेतो. (आपली मुले शाळेत गुजराती आणि इंग्रजी वाचतात, तेवढेच मराठी डोळ्यांखालून जाते.) उतारा मीच लिहिलेला. पावागडच्या डोंगरात पाऊस पडतो, आजव्याचा तलाव भरतो, आणि शहरावर थेंबही नसताना नदी चढते. ‘थेंबही नसताना’ येथे थांबलेच पाहिजे, असा माझा हट्ट.

मुलांना खरा रस मगरींत. पुरात मगरी रस्त्यावर येतात, हे वाक्य सगळे खणखणीत वाचतात. २६ चा आकडा मात्र पुटपुटतात. शेवटी एके संध्याकाळी सगळ्यांना काळ्या घोड्याजवळच्या पुलावर नेले. नदीची पातळी मोजतात ती तेथे. पाणी किती खाली आहे, हे वाकून पाहिल्यावर आकडा तोंडी बसला.

एक मुलगी ‘पाणी दारातून घरात शिरते’ हे वाक्य वाचीना.

“गुरुजी, आमच्याकडे दारातून नाही आलं. आई दाराशी पोती लावत होती, तर मागे मोरी बुडबुडायला लागली.”

मी ते वाक्य खोडले आणि तिचे घातले. मोरीच्या जाळीवर वाळूचे पोते ठेवावे, ही पुढची ओळ तिच्या आईने सांगितलेली.

तंबोरा मिरजेहून दुरुस्त होऊन आला आहे. आवाज थोडा बसका आहे, पण वडिलांचाच. भिंतीवर पुराच्या चिखलाची रेघ अजून दिसते. फळी कोठे ठोकायची, हे मुलांनीच ठरवले: रेघेच्या दोन हात वर.