हाक नेमकी कुठे अडते?

पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. इथल्या बागा जगतात त्या विहिरींच्या पाण्यावर. शेतीपंपांना थ्री-फेज वीज ठराविक तासच मिळते आणि वर्षानुवर्षे ती पाळी अनेकदा रात्री येत आली आहे. अशा वेळी अंधारात, साप-विंचवाची भीती बाळगत, स्टार्टरचे बटण दाबायला विहिरीवर जावे लागते. या गरजेतूनच मोबाइलवर चालणारे स्टार्टर निघाले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे त्यांतले एक नावाजलेले उपकरण. पेटीत सिमकार्ड असते. पेटीला फोन लावून ठरलेला आकडा दाबला की मोटार सुरू होते.

याच्या पुढची पायरी म्हणजे शेतातल्या घरात ठेवलेला छोटा संगणक. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर ‘होम असिस्टंट’सारखी प्रणाली बसवली की तो घराचा कारभारी, म्हणजे सर्व्हर, होतो. तो रिले चालवतो, रिले स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरला वीज देतो आणि मोटार फिरू लागते. समजा, अशी सोय आपण केली. घरातल्या वायफायवर मोबाइलवरून मोटार बिनचूक चालू-बंद होते. पण तोच मोबाइल घेऊन आपण छत्रपती संभाजीनगरला गेलो की पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. पेटीतले सिमकार्ड कुठूनही फोन उचलते, मग इंटरनेटवरची हाक का पोचत नाही?

क्रमांक आणि पत्ता

मोबाइलचा क्रमांक जगात एकमेव असतो आणि ते सिमकार्ड सध्या कोणत्या भागात आहे याची नोंद मोबाइल कंपनी सतत ठेवते. म्हणून फोन लागतो. इंटरनेटवर क्रमांकाऐवजी पत्ता चालतो. जुन्या पद्धतीचा, म्हणजे चौथ्या आवृत्तीचा, पत्ता ३२ बिटांचा असतो. असे पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच होतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आहे आणि एकेका घरात चार-चार उपकरणे आहेत. जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले.

यावर तोडगा असा की घरातल्या उपकरणांना खाजगी पत्ते द्यायचे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. ते पाचोडला असतात आणि पुण्यालाही असतात, म्हणून बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही. बाहेर दिसतो तो फक्त राऊटरचा पत्ता. आतून एखादा संदेश बाहेर गेला की राऊटर तो कोणी पाठवला याची नोंद करतो. उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य उपकरणाकडे पोचवतो. नोंद नसलेला संदेश बाहेरून आला, तर तो कोणाला द्यायचा हे त्याला कळत नाही आणि तो संदेश टाकून देतो.

हे वर्गात करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याला वही देऊन दारात शिपाई म्हणून उभे करावे. आतले विद्यार्थी त्याच्यामार्फत बाहेर चिठ्ठ्या पाठवतील आणि शिपाई कोणाची चिठ्ठी कोणाकडे गेली ते वहीत लिहील. उत्तरे बरोबर बाकावर पोचतात. आता बाहेरच्याने आपणहून एक चिठ्ठी फक्त ‘वर्ग नववी’ एवढाच पत्ता लिहून द्यावी. शिपाई अडतो. आपली हाकही इथेच अडते.

एकेक कडी तपासा

मोबाइलपासून मोटारीपर्यंतची वाट ही साखळी आहे. सगळ्या कड्या एकदम बदलून पाहिल्या तर काहीच कळत नाही. एका वेळी एकच कडी तपासावी.

पहिली कसोटी: घरातल्या वायफायवर मोटार चालते का? चालत असेल तर सर्व्हर, रिले आणि स्टार्टर ठीक आहेत.

दुसरी कसोटी: घरातच बसून मोबाइलचे वायफाय बंद करावे आणि मोबाइल डेटावर प्रयत्न करावा. आपण खुर्चीवरून हललो नाही, तरी आता आपण ‘बाहेरचे’ झालो. शहरात जाऊन पाहण्याची गरज नाही.

तिसरी कसोटी: चूक कशी दिसते? ‘जोडणी नाकारली’ असे लगेच आले, तर हाक बहुधा कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोचली, पण त्या दारामागे ऐकणारे कोणी नाही. बराच वेळ थांबून ‘वेळ संपली’ असे आले, तर हाक वाटेतच गडप झाली.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची. राऊटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. मग ‘माझा पत्ता कोणता’ हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर तो पुन्हा पाहावा. दोन्ही सारखे असतील, तर शिपाई एकच आहे. त्याला ‘अमुक पोर्टवर आलेली हाक या संगणकाला दे’ असे कायमचे सांगून ठेवता येते. होम असिस्टंटचा नेहमीचा पोर्ट ८१२३. मात्र सर्व्हरचा आतला पत्ता राऊटरमध्ये पक्का करून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलू शकतो आणि हाक भलत्याच दारी जाते.

दोन्ही पत्ते वेगळे असतील, तर आपल्या राऊटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक शिपाई बसला आहे. राऊटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर हीच खूण. सिमकार्डवर चालणाऱ्या राऊटरमध्ये हे सर्रास आढळते. कंपनीच्या शिपायाला आपण सूचना देऊ शकत नाही, म्हणून आपल्या राऊटरमध्ये कितीही बदल केले तरी व्यर्थ.

दिशा उलटी करा

उपाय शिपायाच्या सवयीतच आहे. आतून गेलेल्या हाकेचे उत्तर तो अडवत नाही. म्हणून सर्व्हरनेच बाहेरच्या एखाद्या ठिकाणी जोडणी करून ती धरून ठेवायची. आपला मोबाइलही त्याच ठिकाणी जातो आणि दोघांची गाठ तिथे पडते. बोगदा किंवा व्हीपीएन म्हणतात ते हेच. दुसरा मार्ग सहाव्या आवृत्तीच्या १२८ बिटी पत्त्यांचा. तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो, पण दोन्ही टोकांना ती सोय हवी आणि मधली सुरक्षा-भिंत अनोळखी हाकेला बहुधा अडवतेच.

ती अडवते हे बरेच आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले सोपे परवलीचे शब्द तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. सताड उघडे दार आपल्याला सापडते तसे परक्यालाही सापडते, आणि इथे त्या दारामागे मोटार आहे. म्हणून पोर्ट उघडण्यापेक्षा बोगदा बरा, आणि परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा.

आणखी एक गोष्ट. जोडणी कितीही चांगली असली तरी कधीतरी तुटणारच. तेव्हा मोटार बंद करण्याचे काम दुरून येणाऱ्या हाकेवर सोपवू नये. विहीर कोरडी पडल्यावर मोटार थांबवणारे साधन आणि वेळेचे बंधन विहिरीवरच असावे. मोबाइलवर ‘चालू’ असे दिसले, तर तो दिलेला हुकूम आहे की मोटारीच्या तारेतून खरोखर वाहणारा प्रवाह मोजून आलेले उत्तर आहे, हेही पाहावे. हा फरक कसा ओळखता येईल, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.