मीटिंग किती वाजता आहे?

"आई, शनिवारी विष्णुपुरीला मीटिंग आहे. जाऊ का?"
"कसली मीटिंग?"
"प्रोग्रामिंग करणाऱ्यांची. टूल्सवर बोलणार आहेत."

टूल्स म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं पाना-पक्कडच आली! पण मला नडली ती वेळ. संध्याकाळी साडेपाचला सुरू, संपायला आठ. तिथून ऑटो मिळून नांदेडला घरी येईपर्यंत नऊ. मी सरळ सांगितलं, "नाही."

लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तोंड एवढंसं करून म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळेलाही तू नाहीच म्हणालीस. वर्गातली पोरं जातात, तिथं शिकून येतात. मी आपली पुस्तकातलं पाठ करायली." हे वाक्य मनाला लागलं. म्हटलं, "चल, मी पण येते. बघू तरी काय करायलेत तिथं!"

विष्णुपुरी म्हटलं की आमच्या पिढीला गोदावरीवरचं धरण आठवतं. पण १९८१ साली तिथं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं आणि १९९४ मध्ये, मुक्तिसंग्राम दिनाला, म्हणजे १७ सप्टेंबरला, विद्यापीठ आलं. आता हा परिसर पोरापोरींनी गजबजलेला असतो. हॉलमध्ये मात्र तीसएक मुलं आणि मुली फक्त चार. मी धरून बायका पाच!

पहिला मुलगा बोलला 'गिट'वर. म्हटलं, आता डोक्यावरून जाणार. पण तो सांगत गेला तशी मला आमच्या बचतगटाची वहीच दिसायला लागली. आमच्या वहीत चूक झाली तर खाडाखोड चालत नाही. रेघ मारायची, शेजारी सही, तारीख, कारण. गिटचंही तसंच. प्रोग्राममध्ये कुणी, कधी, काय आणि का बदललं, त्याची नोंद राहते. बिघडलं तर मागच्या चांगल्या नोंदीवर परत जाता येतं. शिवाय मूळ कामाला धक्का न लावता बाजूला वेगळी फांदी काढून प्रयोग करायचा, जमला तर मुळात मिसळायचा. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये हे तयार केलं. लिनक्सवर जगभरातली असंख्य माणसं एकत्र काम करत होती. ती ज्या टूलवर नोंदी ठेवत, ते फुकट वापरायची परवानगी निघून गेली, म्हणून त्यानं स्वतःचं केलं. आणि ते सगळ्यांना मोफत!

दुसरं भाषण 'डीबगर'वर. हिशेब जुळला नाही की आपण एकेका ओळीवर बोट ठेवून बघतो ना? तसंच. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि आकडा नेमका कुठं बिघडला ते पाहायचं.

घरी आल्यावर लेकीनं सांगितलं, ही कामं सुरुवातीला बायकाच करत होत्या. १९४६ साली जगापुढं आलेल्या 'एनिॲक' या अमेरिकेतल्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग सहा जणींनी केलं, पण कौतुकाच्या वेळी त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. माणसानं लिहिलेल्या सूचना मशीनच्या भाषेत बदलणारा 'कंपायलर' हे तर आज रोजचं टूल. त्याचा पाया घालणाऱ्यांत ग्रेस हॉपर या बाई, १९५२ साली! मग आपल्या मुली मागं का?

त्याचं एक उत्तर मला त्याच हॉलमध्ये मिळालं होतं. दुसरं भाषण अर्ध्यावर असताना एक मुलगी वही मिटून उठली. मी हळूच विचारलं, "काय गं, कंटाळा आला?" ती म्हणाली, "नाही काकू, हॉस्टेलचं गेट बंद होतं." पाठोपाठ दुसरी उठली. त्या दोघींना डीबगर अर्धाच कळला.

शेवटी 'कुणाला काही प्रश्न?' असं विचारलं. धीर करून मीच उभी राहिले. "मला टूल्समधलं कळत नाही. पण ही मीटिंग सकाळी घेता येईल का?" क्षणभर शांतता. मग मीटिंग घेणारा मुलगा ओशाळून म्हणाला, "काकू, आमच्या हे लक्षातच आलं नाही."

त्यांनी मुलींना अडवलं नव्हतं. दार उघडंच होतं, पण ते उघडायची वेळ मुलींची नव्हती. आणि खरं सांगू? दोन वेळा तर माझ्या घरचं दार मीच लावलं होतं.

पुढची मीटिंग रविवारी सकाळी अकराला झाली. मुली होत्या अकरा. यावेळी मी गेले नाही, लेक मैत्रिणींबरोबर गेली. दुपारी जेवायला परत आली ती सांगतच, "आई, पुढच्या वेळी दहा मिनिटं मी बोलणार आहे. गिटवर. तुमची बचतगटाची वही नेऊ का दाखवायला?"

मैत्रिणींनो, लेकीनं उद्या अशा मीटिंगचं विचारलं तर लगेच 'नाही' म्हणू नका. आधी वेळ विचारा. वेळ अडचणीची असेल तर ती बदलायला सांगा. मागितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

वही मी देणार आहे. फक्त तिला सांगितलंय, खाडाखोड करू नकोस!