वॉर्डाच्या दारापर्यंत आलेले चर्च

मार्च २०२० मध्ये बंद झालेली महाराष्ट्रातील चर्च १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली. मधल्या काळात मिस्सा पडद्यावर पाहता येई. परंतु कॅथलिक श्रद्धेनुसार ख्रिस्तप्रसाद किंवा आजाऱ्यास पवित्र तेल लावण्याचा संस्कार प्रत्यक्ष सान्निध्यावाचून होत नाही. आपला माणूस या संस्काराविना गेला, ही खंत कित्येक कुटुंबीय आजही बोलून दाखवितात. (आमच्या दप्तरी तो रकाना कोराच राहिला.) त्यांच्या माहितीस्तव नमूद करावेसे वाटते की, २० मार्च २०२० रोजीच व्हॅटिकनने मरणासन्न रुग्णांना वॉर्डाच्या प्रवेशद्वारातून, शक्य तेथे ध्वनिक्षेपकावरून, सामूहिक पापक्षमा देण्याची वाट मोकळी केली होती, निर्णय स्थानिक बिशपांचा. ज्यांना अंतिम संस्कार लाभलेच नाहीत, त्यांनाही, मनाची सिद्धता व आयुष्यभराची प्रार्थना एवढ्या अटींवर, मृत्युसमयी पापदंडातून पूर्ण मुक्ती देऊ केली होती.