दृष्टिहीनांचे प्रोग्रॅमिंग शिक्षण

दृष्टिहीनांचे प्रोग्रॅमिंग शिक्षण म्हणजे अंध किंवा अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तींनी स्क्रीन रीडर, ब्रेल डिस्प्ले इत्यादी साधनांच्या साहाय्याने संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यास शिकणे होय. आज्ञावली मुळात मजकूर स्वरूपात असल्यामुळे ती ऐकून किंवा स्पर्शाने वाचता येते. नवशिक्यासमोरील मोठी अडचण बहुधा विषयाची नसून अभ्याससाहित्याची असते. कारण बरेचसे प्राथमिक साहित्य चित्रे व व्हिडिओ यांवर आधारलेले असते. त्यामुळे आरंभी योग्य साहित्याची निवड करणे महत्त्वाचे ठरते.

साधने

स्क्रीन रीडर हे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे किंवा ब्रेल डिस्प्लेवर उमटवणारे सॉफ्टवेअर आहे. अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' हा स्क्रीन रीडर डॉस प्रणालीसाठी आणला. तो विकत घ्यावा लागतो. 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर मात्र विनामूल्य व मुक्तस्रोत आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. तो मुख्यतः पायथॉन व सी++ या भाषांत लिहिलेला असून त्यासोबत मिळणारे 'ईस्पीक एनजी' हे वाचासॉफ्टवेअर मराठीही वाचते.

आज्ञावली वाचण्यापूर्वी स्क्रीन रीडरमध्ये दोन बदल करणे इष्ट असते. कंस, अर्धविराम, अवतरणचिन्हे यांसारखी अनेक चिन्हे एनव्हीडीए एरवी उच्चारत नाही. त्यासाठी विरामचिन्हांची पातळी वाढवावी लागते. तसेच ओळीच्या आरंभी सोडलेली जागा शब्दांनी किंवा ध्वनीच्या चढउताराने कळवण्याची सोय सुरू करावी लागते. पायथॉनमध्ये या जागेवरच आज्ञांचे गट ठरत असल्याने ही सोय अत्यावश्यक आहे.

भाषेची निवड

शाळांमध्ये लोकप्रिय असलेल्या 'स्क्रॅच' या भाषेत रंगीत ठोकळे माउसने ओढून जुळवायचे असतात. ही पद्धत दृष्टीवर अवलंबून असल्याने अंध मुलांना तिचा फारसा उपयोग होत नाही. लहान मुलांसाठी 'कोड जंपर' हा संच २०१९ मध्ये उपलब्ध झाला. त्यात हाताने चाचपता येणारे भाग तारांनी जोडून गोष्टी किंवा संगीत रचता येते. अँड्रियास स्टेफिक यांनी विकसित केलेल्या 'क्वोरम' भाषेत चिन्हे कमी असून आज्ञांचा गट एका शब्दाने संपतो. त्यामुळे ती ऐकून समजण्यास सोपी जाते. मोठ्या विद्यार्थ्यांना वरील बदल केल्यानंतर पायथॉननेही आरंभ करता येतो.

अभ्याससाहित्याची पारख

व्हिडिओमधील शिक्षक 'हे इथे लिहा' असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. आज्ञावलीचे छायाचित्र दिले असेल, तर स्क्रीन रीडर ते अक्षरशः वाचू शकत नाही. म्हणून उदाहरणे निवडता व नक्कल करता येणाऱ्या मजकुरात आहेत का, आकृत्यांचे शब्दांत वर्णन आहे का, आणि सराव केवळ कीबोर्डने करता येतो का, हे पहिल्या पाठातच तपासून पाहावे. पायथॉनची अधिकृत पाठमाला मजकूर रूपात व विनामूल्य आहे. तथापि ती प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असलेल्यांना अधिक सोयीची आहे.

भारतीय संदर्भ

पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आयआयटीत शिकले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी गणितीय मजकूर ध्वनिरूपात सादर करणारी प्रणाली रचून १९९४ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांनी तयार केलेले 'ईमॅक्सपीक' १९९५ मध्ये उपलब्ध झाले. ते केवळ पडद्यावरील शब्द न वाचता आज्ञावलीच्या निरनिराळ्या घटकांसाठी आवाज बदलते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षे वयापर्यंत पुस्तके, अन्य अध्ययनसाहित्य व योग्य सहायक साधने विनामूल्य पुरवण्याची तरतूद आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र सहायक तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देते. स्क्रीन रीडर सफाईने वापरता येणे ही प्रोग्रॅमिंगची पूर्वतयारी असल्यामुळे नवशिक्यांसाठी असे प्रशिक्षण ही पहिली पायरी ठरते.