तीन वेळा मोजले, तीन उत्तरे आली!

आमच्या चाळीतली एक मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. एका संध्याकाळी ती प्रॅक्टिकलची वही घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आमच्याकडे आली. कॉलेजात सायकलच्या छर्‍याचा व्यास स्क्रू गेजने मोजायला दिला होता. तिने तीन वेळा मोजला, तर 6.37, 6.38 आणि 6.39 मिलिमीटर अशी तीन उत्तरे आली. शेजारच्या मैत्रिणीच्या वहीत मात्र तिन्ही वेळा 6.38. हिने घाबरून आपले आकडे खोडले आणि मैत्रिणीचे उतरवले. तरी मार्क कापले गेलेच. "काका, माझा हातच जड आहे. सायन्स आपल्यासाठी नाही," असे ती म्हणाली.

हे वाक्य आमच्या मनाला लागले. कारण चूक तिच्या हाताची नव्हतीच.

तिचे वडील आयुष्यभर लेथवर टर्नर होते. त्यांना आम्ही हाक मारली. त्यांनी वही पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "पोरी, मोजायच्या आधी गेज रिकामे मिटवून पाहिलेस का?" पोरीने मान हलवली, नाही. वडिलांनी पत्र्याच्या डब्यातून आपला जुना मायक्रोमीटर काढला, पुसला, मिटवला. शून्यावर शून्य बरोबर बसले. मग तसलाच एक छर्रा धरून मोजला, 6.35. म्हणाले, "दोन सुताचा छर्रा आहे हा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर. तुमच्या कॉलेजच्या गेजमध्ये काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी मुलीने कॉलेजचे गेज रिकामे मिटवून पाहिले. ते शून्यावर न थांबता 0.03 दाखवत होते. यालाच 'झिरो एरर' म्हणतात. तिच्या तीन आकड्यांची सरासरी 6.38. त्यातून 0.03 वजा केले की उरतात 6.35. खोडलेले आकडेच खरे होते!

आता थोडे समजून घेऊ. स्क्रू गेजच्या सरळ पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात आणि फिरत्या टोपीवर 100 भाग. टोपी एक पूर्ण फेरा फिरली की स्क्रू 1 मिलिमीटर सरकतो. म्हणून टोपीचा एक भाग म्हणजे 0.01 मिलिमीटर. हेच त्याचे लघुतम माप, इंग्रजीत 'लीस्ट काउंट'. कारखान्यातल्या मायक्रोमीटरला बहुधा 50 भाग आणि फेऱ्याला अर्धा मिलिमीटर असतो. हिशेब तोच. शाळेच्या फूटपट्टीचे लघुतम माप 1 मिलिमीटर, साध्या व्हर्निअरचे 0.1 मिलिमीटर. ही व्हर्निअरची युक्ती पिअर व्हर्निअर या फ्रेंच माणसाने 1631 साली छापून प्रसिद्ध केली.

कोणतेही साधन आपल्या लघुतम मापापेक्षा बारीक बोलू शकत नाही. शिवाय छर्रा किंचित तिरका बसतो, स्क्रू कधी जास्त आवळला जातो, नजर तिरपी पडते. म्हणून पुन्हा मोजले की शेवटचा आकडा हलतोच. तो हलणे ही चूक नव्हे, ती अनिश्चितता. ती लपवायची नसते, लिहायची असते. आमच्या मुलीचे आकडे सरासरीच्या वर-खाली 0.01 ने हलले. म्हणून तिचे खरे उत्तर 6.35 अधिक-उणे 0.01 मिलिमीटर. तिन्ही वेळा तंतोतंत एकच आकडा आला तर त्यात पाप नाही. पण न मोजता तो तीनदा लिहिणे हे मोजमाप नव्हे.

झिरो एररचा स्वभाव मात्र वेगळा. तो दर वेळी एकाच बाजूला ओढतो. शंभर वेळा मोजा, सरासरी काढा, तो जात नाही. साधन तपासले तरच सापडतो. याचे मोठे उदाहरण म्हणजे 1990 साली अवकाशात सोडलेली हबल दुर्बीण. तिचा 2.4 मीटरचा आरसा घासताना तपासणीच्या उपकरणातले एक भिंग 1.3 मिलिमीटरने जागेवरून हललेले होते. त्यामुळे आरशाची कड सुमारे दोन मायक्रोमीटर जास्त घासली गेली, आणि चित्रे धूसर आली. दुसऱ्या साध्या उपकरणांनी दोष दाखवला होता, पण ती कमी अचूक म्हणून त्यांचे ऐकले गेले नाही. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली. मोठमोठ्या इंजिनिअरांकडून हे घडते, तिथे अकरावीच्या मुलीने रडावे कशाला?

घरी गेज नसले तरी हा धडा करता येतो. 200 पानी वही घ्या. पाने 200, म्हणजे कागद 100. पुठ्ठे सोडून कागद घट्ट दाबा आणि फूटपट्टीने जाडी मोजा. समजा 8 मिलिमीटर भरली. पट्टी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत दगा देऊ शकते. आता दोन्हींना 100 ने भागा. एका कागदाची जाडी 0.08 मिलिमीटर आणि अनिश्चितता फक्त 0.005. पट्टी तीच, पण शंभर कागद एकत्र मोजल्याने ती शंभरपट बारीक झाली. पेन्सिलीवर तांब्याच्या तारेचे वीस वेढे चिकटून द्या, किंवा साबुदाण्याचे वीस दाणे ओळीत लावा, हीच रीत. फक्त मोजताना एक वेढाही गळू देऊ नका.

आणि एक लक्षात ठेवा. एका मीटर कापडात 1 मिलिमीटरची चूक म्हणजे हजारात एक भाग. पाच मिलिमीटरच्या दाण्यात तीच चूक म्हणजे पाचात एक. वस्तू जितकी लहान तितकी काळजी जास्त.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. इंग्रजी शब्दांना बिचकू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी फिटर, टर्नर, सुतार, शिंपी म्हणून हेच काम हाताने केले आहे. मुलांजवळ बसा, तुम्ही माप कसे घेता ते दाखवा. आणि मुलांनो, आपला आकडा शेजाऱ्याशी जुळला नाही तर लगेच खोडू नका. आधी साधन तपासा, पुन्हा मोजा, मग जे दिसले तेच लिहा.

आमच्या मुलीने वहीत आता प्रत्येक प्रयोगाच्या वर एक ओळ लिहायला सुरुवात केली आहे: गेज रिकामे मिटवून पाहिले.