एचआरमधून पीएचडीकडे: कामगार तुमची प्रश्नावली कोणासमोर भरतोय?

रोह्याची धाटाव एमआयडीसी, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना आणि पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना. या पट्ट्यात एमबीए किंवा एम.कॉम. झालं की दोन दारं दिसतात. एक म्हणजे कंपनीत एचआरला लागायचं, दुसरं म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं. बरेच जण आधी पहिलं दार ठोठावतात, चार-पाच वर्षं हजेरी, पगारपत्रक, ठेकेदारांची बिलं यांत जातात आणि मग वाटतं, आता पीएचडी करून शिकवायला जावं. तुम्ही त्यातले असाल तर हा लेख तुमच्यासाठी.

आधी हिशोबाचं बोलू, कारण इथे अनेकांचा गैरसमज असतो. ‘माझा एचआरचा अनुभव कॉलेजात धरला जाईल ना?’ उत्तर कुठल्या कॉलेजात जाताय त्यावर आहे. एआयसीटीईच्या 2019 च्या नियमांत व्यवस्थापनाच्या सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभवच मागितला आहे, म्हणजे तिथे तुमची कंपनीतली वर्षं कामाला येतात. पण कला-वाणिज्य महाविद्यालयातल्या पदासाठी यूजीसीचे 2018 चे विनियम बघा. शॉर्टलिस्टिंगच्या तक्त्यात गुण आहेत ते अध्यापनाच्या किंवा पोस्ट-डॉक्टरल अनुभवाला, वर्षाला 2, जास्तीत जास्त 10. प्लांटमधल्या वर्षांचा रकानाच नाही. नेट देतानाही विषय विचार करून निवडा: मनुष्यबळ, कामगार कल्याण, औद्योगिक संबंध हे सगळं एका स्वतंत्र विषयात येतं, त्याचा कोड 55. व्यवस्थापनाचा 17, वाणिज्याचा 8. जिथे शिकवायचं आहे तिथल्या जाहिरातीत कोणता विषय मागतात ते पाहूनच फॉर्म भरा.

नोकरी न सोडता पीएचडी करता येते. यूजीसीच्या 2022 च्या विनियमांत अर्धवेळ पीएचडीला जागा आहे, फक्त मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी लिहून हव्यात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू. तिसरं वाक्य मिळवताना घाम फुटतो, पण ते घ्याच. शटडाऊनच्या आठवड्यात नेमकं कोर्सवर्क आलं तर तोंडी आश्वासन उपयोगी पडत नाही.

आता खरा मुद्दा. एचआरचा माणूस संशोधनाला निघाला की त्याला पहिली सोय सुचते ती म्हणजे स्वतःचीच कंपनी. तीनशे कामगार हाताशी, यादी तयार, कँटीनमध्ये प्रश्नावली वाटली की संध्याकाळपर्यंत भरून परत. गाइडही खूश. पण क्षणभर त्या कंत्राटी कामगाराच्या जागी बसा. त्याचा गेट पास तुमच्या खात्यातून निघतो. पुढच्या महिन्यात ठेक्याचं नूतनीकरण आहे, त्या फाइलवर तुमच्या साहेबांची सही आहे. आणि तुम्ही त्याला विचारताय, ‘सुरक्षिततेबाबत तुम्ही कितपत समाधानी आहात? 1 ते 5 मध्ये सांगा.’ तो 4 वर खूण करणार. 5 केलं तर खोटं वाटेल एवढा तो हुशार असतो.

म्हणजे दोन गोष्टी बिघडतात. संमती खरी राहत नाही, कारण नाही म्हणायची सोयच नाही. आणि माहितीही खरी राहत नाही. मग त्या आकड्यांवर कितीही सुंदर रिग्रेशन चालवा, मोजलं जातं ते समाधान नव्हे, तर तुमच्या खुर्चीचं वजन.

मग आतल्या माणसाने आतलं संशोधन करूच नये का? असं मला वाटत नाही. मायकेल बुरावॉय हा समाजशास्त्रज्ञ झांबियाच्या तांबे खाण उद्योगात पर्सोनेल संशोधन विभागात नोकरीला होता. खाणींत झांबियन लोकांना वरच्या जागा दिल्या जात होत्या, तरी गोऱ्यांची सत्ता कशी टिकत होती, हे त्याने आतून पाहिलं आणि 1972 मध्ये पुस्तक काढलं. बाहेरच्याला ते दिसलंच नसतं. मात्र त्याचा रोख पदरचना आणि व्यवस्थापनाच्या निर्णयांवर होता. मला हीच दिशा जास्त प्रामाणिक वाटते: एचआरमध्ये बसून खाली कामगाराकडे बघण्याऐवजी वर आणि आजूबाजूला बघा. भरतीचे निकष कसे ठरतात? ठेकेदार कसा निवडला जातो? कल्याण अधिकारी दोन बाजूंमध्ये काय करतो? कारखाना अधिनियम, 1948 ने 500 किंवा जास्त कामगार असतील तिथे हे पद सक्तीचं केलं. 2020 च्या संहितेत तो आकडा 250 वर आला. एवढ्या एका बदलावर सिनॉप्सिस उभा राहील.

कामगारांशीच बोलायचं असेल तर दुसऱ्या कंपनीचे घ्या, कारखान्याबाहेर भेटा. पगार आणि हजेरीच्या नोंदी कामासाठी तुमच्या हातात आल्या आहेत, प्रबंधासाठी नव्हेत. लेखी परवानगीशिवाय त्यांना हात लावू नका. आणि नाव बदललं म्हणजे माणूस लपला असं समजू नका. प्रबंध शोधगंगावर चढतो, कोणीही वाचतो. ‘धाटावमधल्या एका रासायनिक कारखान्यातली एकमेव महिला शिफ्ट सुपरवायझर’ असं लिहिलंत तर रोह्याच्या बाजारात दुसऱ्या दिवशी नाव कळेल.

जाता जाता, अशी ये-जा इथल्या मातीला नवी नाही. रोह्याशी नातं असलेले चिंतामणराव देशमुख आयसीएस, रिझर्व्ह बँक, अर्थखातं असं करत 1956 मध्ये यूजीसीचे अध्यक्ष झाले आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. आज असा अनुभवी माणूस पीएचडीशिवायही वर्गात येऊ शकतो: यूजीसीच्या 2022 च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत किमान 15 वर्षांचा अनुभव लागतो, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा, आणि नेमणूक ठरावीक मुदतीची असते. पाच-सहा वर्षं एचआर केलेल्यांना ते दार अजून बंद आहे. त्यांनी आज संध्याकाळी संशोधनाचा विषय एका ओळीत लिहावा आणि खाली लिहावं: यातला कोण माणूस मला नाही म्हणू शकतो?